मटणाच्या चान्या: मुंबईच्या दमट हवेत मांस नीट वाळवायचं कसं

चान्या म्हणजे मांसाच्या वाळवलेल्या पट्ट्या. किलोभर मटण वाळून साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास उरतं. नीट वाळलं असेल तर ते ऑफिसच्या डब्यात, ट्रेकच्या सॅकमध्ये कुठेही सोबत नेता येतं. नीट वाळलं नसेल तर आठवड्याभरात बरणीचं झाकण उघडल्याबरोबर नाकाला कळतं. सगळं तीन गोष्टींवर ठरतं: चरबी किती काढली, वाळवायच्या आधी मांस किती तापवलं, आणि वाळल्यावर मुंबईची हवा त्याला किती वेळ लागू दिली. मसाला त्यानंतर.

जगात बऱ्याच ठिकाणी हा खाऊ शिकारीच्या मांसाचा असतो. दक्षिण आफ्रिकेत कुडू, स्प्रिंगबॉक अशा काळविटाच्या जातकुळीतल्या प्राण्यांचं बिल्टाँग होतं, उत्तर अमेरिकेत हरणाची जर्की. रानात पळून वाढलेल्या प्राण्याच्या अंगावर चरबी कमी, आणि कमी चरबीचं मांस चांगलं वाळतं. तिथे साधारणपणे शिकारीला परवाना लागतो, हंगाम ठरलेला असतो, किती प्राणी मारायचे याला मर्यादा असते.

आपल्याकडे हा रस्ता बंद आहे, आणि तो बंदच राहायला हवा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे चितळ, सांबर, भेकर, रानडुक्कर, रानससा यांची शिकार हा गुन्हा आहे, आणि त्यांचं मांस विकत घेणं किंवा घरात ठेवणं हासुद्धा. गावाहून कोणी ‘रानातलं आहे, खास तुमच्यासाठी’ म्हणून वाळवलेल्या मांसाची पुडी हातात ठेवली, तरी ती घेऊ नका. वाळलेल्या मांसावरूनही प्रयोगशाळेत प्राणी ओळखता येतो.

मग मुंबईत काय वाळवायचं? बोकड. उस्मानाबादी, कोकण कन्याळ या आपल्या शेळ्या झाडपाला ओरबाडत, फिरत वाढतात. त्यांची चरबी बरीचशी पोटात साठते, मांसात कमी असते, आणि वर किंवा स्नायूंच्या मधे जी असते ती सुरीने काढता येते. मेंढीच्या मांसात आत रेषारेषांत शिरलेली चरबी जास्त असते, ती सुरीने निघत नाही. म्हणून खाटकाकडे फक्त ‘मटण’ म्हणू नका, बोकडाचं आहे का ते विचारून घ्या. म्हशीचं किंवा रेड्याचं मांसही याच पद्धतीने उत्तम वाळतं, चरबी आणखी कमी. गायीच्या कत्तलीवर राज्यात आधीपासूनच बंदी होती, २०१५पासून बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही आहे, आणि राज्यात अशी कत्तल करून मिळवलेलं मांस बाळगणंही चालत नाही.

वाळवलेलं मांस महाराष्ट्राला नवं नाही. मराठवाड्यात, विदर्भात दलित वस्त्यांमध्ये मांसाच्या लांब पट्ट्या कापून, मीठ-हळद लावून दोरीवर कडक उन्हात वाळवायच्या, त्या चान्या. निखाऱ्यावर भाजून भाकरीबरोबर, नाहीतर कालवणात. ज्यांना ताजं मांस रोज मिळण्याची सोय नव्हती, त्यांनी मिळालेला एकही तुकडा वाया जाऊ न देता हे शास्त्र घडवलं, आणि त्याचं श्रेय त्यांचंच आहे. परदेशी नावाची पाकिटं आता महागड्या दुकानांत दिसतात, पण वस्तू तीच. पट्टी पातळ, मीठ आधी, वारा भरपूर: हे तिन्ही नियम चान्यांमध्ये आहेतच. फक्त तिथलं एप्रिलचं ऊन चाळीस अंशांच्या वरचं आणि हवा कोरडी ठाक. दादर-मालाडच्या गच्चीवर ऊन असतं, कोरडेपणा नसतो. म्हणून इथे पद्धत थोडी बदलावी लागते.

मटण घेताना

मागच्या पायाचं, म्हणजे रानाचं मटण घ्या. पावणेदोन किलोच्या रानातून हाड, चरबी, पडदे काढल्यावर किलोभर साफ मांस मिळतं. सकाळी लवकर जा आणि काटा करण्याआधीच सांगा: ‘दादा, हाड काढून अख्खा गोळा द्या, तुकडे करू नका.’ हे आधी सांगितलं नाही तर सवयीने सुरा ओंडक्यावर पडतो आणि रश्शाचे तुकडे होऊन हातात येतात. त्यांच्या चान्या होत नाहीत. हाड मागून घ्या, त्याचं सूप होईल.

खिम्याच्या वड्या थापून वाळवण्याच्या भानगडीत पडू नका. खिमा करताना बाहेरच्या भागावरचे जंतू आतपर्यंत मिसळतात. अख्ख्या गोळ्याच्या पट्टीत ते मुख्यतः वरच्या पृष्ठभागावरच असतात.

घरी आल्यावर गोळा कोरड्या कागदाने टिपा आणि स्नायूंच्या नैसर्गिक सांध्यांवरून बोटांनी सोडवा. रानात तीन-चार मोठे स्नायू असतात. हलकं ओढलं की त्यांच्यामधला पातळ पांढरा पापुद्रा दिसतो, सुरी तिथून घाला. मधे सापडणारी चरबी, पिवळसर गाठी, चकाकणारा चिवट पडदा सगळं काढा. यात अर्धा तास जातो आणि हा अर्धा तास वाचवू नये. चरबीतलं पाणी जात नाही, कारण तिच्यात ते फारसं नसतंच. ती हवेशी संयोग पावून खवट होते आणि एका पट्टीचा वास बरणीभर लागतो.

कापणी

साफ केलेले गोळे ताटात सुटे मांडून दीड ते दोन तास फ्रीझरमध्ये ठेवा. बोटाने दाबल्यावर वरून टणक, आतून किंचित दबतं असं झालं पाहिजे. पूर्ण गोठवलं तर सुरी घसरते आणि बोट कापतं. गोठवलेलं मटण वापरत असाल तर ते रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात सोडवा, ओट्यावर नाही.

पट्टी ५ मिलिमीटर जाडीची हवी, फार तर ६. साधारण पार्ले-जी बिस्किटाएवढी. त्याहून जाड पट्टी मुंबईत नकोच: बाहेरचा थर आधी वाळून बंद होतो आणि आतला ओलावा कोंडून राहतो. ३ मिलिमीटरपेक्षा पातळ झाली तर पापडासारखी मोडते. एकाच घाण्यात काही जाड, काही पातळ असतील तर निम्म्या करपतात आणि निम्म्या ओल्या राहतात, म्हणून सगळ्या सारख्या असणं हे अचूक ५ मिलिमीटरपेक्षाही महत्त्वाचं.

मांसाच्या रेषा कुठल्या दिशेने चालल्या आहेत ते नीट पाहा. रेषांच्या दिशेने लांब कापलं तर पट्टी चिवट होते, बराच वेळ चघळता येते, जुन्या चान्या अशाच. रेषांना आडवं कापलं तर दातांनी सहज तुटते. बोकडाचं मांस आधीच घट्ट असतं, त्यामुळे नुसतं खायला असेल तर थोडं तिरपं, आडवं कापा. कुटून चटणी करायची असेल तर लांब रेषांचं घ्या, खलबत्त्यात त्याचे छान धागे सुटतात.

मीठ-मसाला

मीठ कापलेल्या, साफ मांसाच्या वजनावर मोजायचं. हाडासकट वजनावर मोजून खारट केलेल्या चान्या दुरुस्त होत नाहीत. १ किलो साफ मांसाला:

मीठ १८ ग्रॅम, हळद ३ ग्रॅम, मिरपूड ४ ग्रॅम, भाजून जाडसर कुटलेले धणे ८ ग्रॅम, लाल तिखट ५-६ ग्रॅम, ठेचलेला लसूण २५ ग्रॅम, साधं पांढरं व्हिनेगर ३० मिली.

स्वयंपाकघरात छोटा डिजिटल काटा असेल तर तोच वापरा. चमच्याने मोजायचं झालं तर बारीक मिठाचे तीन सपाट लहान चमचे साधारण या मापाला येतात, पण खडेमिठाचा चमचा वेगळं वजन देतो. पाणी जाऊन मांस एक तृतीयांश होतं आणि मीठ बहुतेक तिथेच राहतं, हे लक्षात ठेवून हात आखडता ठेवा. मोजताना मीठ ‘थोडं कमी’ वाटेल तेच बरोबर.

व्हिनेगरऐवजी कोकमाचं आगळ घातलं तर चव कोकणाकडे झुकते आणि छान लागते. आगळात आधीच मीठ असतं, म्हणून वरचं मीठ १४ ग्रॅमवर आणा. चिंचेचा कोळ नको, त्यातली साखर आणि चोथा पट्टीला चिकटून राहतो. याच कारणासाठी गूळ, मध, गोड सॉस टाळा: साखर हवेतलं पाणी ओढते आणि पावसाळ्यात अशा चान्या बरणीतच चिकट होतात. तेल अजिबात नको. तेलाचा पातळ थर पाण्याला बाहेर पडू देत नाही, आणि पुढे तेही खवट होतं. मालवणी किंवा काळ्या मसाल्यात तळलेले जिन्नस असतात, खोबरं असेल तर आणखी तेल. त्यांचा मोह झाला तर खायच्या वेळी वरून भुरभुरा. कांदा, कोथिंबीर, आल्याचं वाटण यांनी फक्त ओलावा वाढतो.

मांस गुलाबी ठेवणारं कारखान्यातलं नायट्राइट मीठ अंदाजाने घालू नका. त्याचं माप चुकलं तर ते विषारी ठरतं, आणि पातळ पट्ट्या तापवून लगेच वाळवायच्या असतील तर त्याची गरजही नाही. चान्या गडद तपकिरी होतील, तोच त्यांचा खरा रंग.

सगळं हाताने चोळा, काचेच्या किंवा स्टीलच्या डब्यात भरा आणि फ्रीजमध्ये ८ ते १२ तास ठेवा. मधे एकदा वरखाली करा. अॅल्युमिनियमचा डबा व्हिनेगरला चालत नाही. ओट्यावर ‘तासभरच’ म्हणून मुरत ठेवायचंही नाही, मे महिन्यातल्या मुंबईत त्या तासात जंतूंची पिढी बदलते.

आधी वाफ, मग वारा

ही पायरी वगळलेली पाककृती सापडली तर ती बाजूला ठेवा.

ओल्या मांसातले साल्मोनेला आणि ई. कोलाय हे जंतू ७१ अंश सेल्सिअसला मरतात. पण मांस आधी कोमट हवेत वाळू लागलं की ते जंतूही कोरडे होऊन चिवट बनतात, आणि मग तीच उष्णता त्यांना पुरत नाही. वाळवणयंत्रात हवा ६० अंशांची असली तरी ओली पट्टी कितीतरी वेळ त्याहून थंड राहते, कारण तिच्यातलं उडून जाणारं पाणी उष्णता घेऊन जातं. म्हणून मांस ओलं असतानाच पूर्ण तापवायचं, वाळवायला नंतर घ्यायचं.

याला मोदकपात्र किंवा इडलीपात्र उत्तम. खाली पाणी खळखळ उकळू द्या. चाळणीवर पट्ट्या एकाच थरात मांडा, एकीवर एक नको. झाकण लावून मोठ्या आचेवर ८ मिनिटं. किलोचे तीन-चार घाणे होतील. स्वयंपाकाचा सुईवाला थर्मामीटर असेल तर तीन-चार पट्ट्या चिमट्याने सुईभोवती गुंडाळून धरा: ७१ किंवा वर दिसलं की झालं. कोंबडीच्या पट्ट्या असतील तर ७४. पट्टीचा गुलाबीपणा पूर्ण गेलेला असतो, कडा किंचित वळतात आणि मोडून पाहिलं तर आतही राखाडी-तपकिरी दिसते.

वाफेत मांस बरंच आटतं आणि खाली मसालेदार पाणी जमतं. ते खारट पण चवदार असतं, उकळून डाळीत घाला. कच्चं मटण मुरवलेला डबा, हात, पाट, सुरी या टप्प्यावर साबणाने धुऊन टाका, कारण इथून पुढे मांस शिजलेलं आहे. धुतलेल्याच चिमट्याने पट्ट्या काढा आणि कागदावर दोन्ही बाजूंनी टिपा. टिपल्याने वाळण्याचा जवळजवळ तासभर वाचतो.

वाळवणं

सर्वांत खात्रीचं म्हणजे पंखा असलेलं वाळवणयंत्र, ६० ते ६५ अंशांवर. पट्ट्या एकमेकींना न लागता मांडा, दोन तासांनी उलटा, तासातासाने तबकांच्या जागा बदला. वाफवलेली ५ मिलिमीटरची पट्टी ५ ते ७ तासांत होते. ४०० वॅटचं यंत्र ६ तास सलग चाललं तरी जास्तीत जास्त २.४ युनिट वीज, म्हणजे खर्चाचं ओझं विजेत नाही, मटणातच आहे.

ओटीजी असेल तर आधी तो खरंच ६० अंशांवर राहतो का ते आतमध्ये वेगळा थर्मामीटर ठेवून तपासा. बऱ्याच ओटीजींची खालची पायरी शंभरच्या आसपास घुटमळते. दारात लाकडी कालथ्याचा दांडा अडकवून बोटभर फट ठेवा. ती फट नसेल तर वाफ आतच फिरते आणि मांस वाळण्याऐवजी उकडतं. दारासमोर टेबलफॅन कमी वेगात लावला तर आणखी चांगलं. जाळीवर पट्ट्या, खालच्या ट्रेमध्ये फॉइल. ६ ते ८ तास.

एअर फ्रायरमध्ये ‘डिहायड्रेट’ असं बटण असेल तर ३०० ग्रॅमपर्यंतचा घाणा निघतो, साधारण ४ तास. ते बटण नसेल आणि तापमान ८० अंशांखाली जात नसेल तर चान्या होणार नाहीत, कुरकुरीत मटण होईल. मायक्रोवेव्हच्या लहरींवर वाळवू नका: पट्टी मधूनच करपते.

तापमान वाढवून घाई केली की ती फसते. ९० अंशांवर वरची साल तासाभरात कडक होते, हाताला चान्या तयार वाटतात आणि चार दिवसांनी बरणीत बुरशी येते. आतलं पाणी बाहेर यायला वेळ लागतो, त्याला तो वेळ द्यायचा.

आता उन्हाचं. जानेवारी ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत जमिनीकडून कोरडा वारा येतो त्या दिवसांत ऊन मदत करतं. एप्रिल-मेमध्ये ऊन भाजतं, पण समुद्राकडच्या वाऱ्यात ओलावा असतो. जून ते सप्टेंबर उन्हात वाळवण्याचा विचारसुद्धा नको, आणि ऑक्टोबरची उकाड्याची हवाही पुरेशी कोरडी नसते. एकट्या उन्हावर मुंबईत विसंबू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. हौस असेल तर असं करा: पट्ट्या वाफवून झालेल्याच असाव्यात. चारी बाजूंनी बारीक जाळी असलेल्या पेटीत त्या टांगा, नुसतं फडकं टाकून ठेवाल तर माश्या त्याच्यावर बसून खालपर्यंत पोहोचतात, आणि घारी-कावळे फडकं उचलतात. सकाळी ९ ते दुपारी ४, रात्री आत आणून फ्रीजमध्ये. शेजारी बांधकाम सुरू असेल तर गच्ची सोडून द्या, सिमेंटची धूळ मसाल्यासारखी चिकटते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी या पट्ट्या आधी १३५ अंश तापवलेल्या ओव्हनमध्ये १० मिनिटं फिरवून शेवट करायचा. हे वगळू नका.

सोसायटीच्या गच्चीवर मांस वाळत घालण्याआधी विचारून घ्या, म्हणजे पुढची कटकट टळते.

झालं का, ते कसं ओळखायचं

गरम चान्या नेहमी मऊ लागतात. म्हणून एक पट्टी बाहेर काढून ५ मिनिटं गार होऊ द्या आणि मग दोन्ही टोकं धरून हळूच वाकवा. बरोबर वाळलेली पट्टी वाकते, वाकलेल्या जागी तडा जातो, तड्यात बारीक पांढरे धागे दिसतात, पण दोन तुकडे होत नाहीत. तडा न जाता रबरासारखी परत सरळ झाली तर अजून तासभर. काडकन मोडली तर जास्त वाळली: ती बिघडलेली नसते, कुटायला ठेवा. सर्वांत जाड पट्टी शोधून तिची परीक्षा घ्या, पातळ पट्टी सगळ्यांच्या वतीने साक्ष देऊ शकत नाही.

दुसरी खूण वजनाची. १ किलो साफ मांसाचं ३०० ते ३५० ग्रॅम झालं पाहिजे. ४५० ग्रॅम उरलं असेल तर बोटांना काहीही वाटो, आत पाणी आहे. पट्टीवर तेलाचे बारीक थेंब दिसले तर कागदाने टिपून घ्या, ती राहिलेली चरबी आहे.

बरणीतला पहिला दिवस

यंत्र बंद केल्यावर चान्या ताटात पसरून ‘गार होऊ दे’ म्हणून विसरणं ही मुंबईतली खास चूक. जुलैमध्ये आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांवर असते, आणि सहा तास जे पाणी काढलं ते मीठ लावलेलं मांस पुन्हा शोषायला लागतं. पंख्याखाली २०-३० मिनिटं, गार झालं की लगेच बंद. गरम असताना मात्र भरू नका, झाकणाच्या आत घाम येतो.

कोरडी काचेची बरणी दोन तृतीयांश भरा आणि रात्रभर ठेवा. कुठे थोडा जास्त ओलावा राहिला असेल तर तो सगळ्या पट्ट्यांत सारखा पसरतो. सकाळी काचेला आतून पाण्याची बारीक वाफ धरली असेल किंवा पट्ट्या एकमेकींना चिकटल्या असतील तर सगळ्या परत ६० अंशांवर दीड-दोन तास. काच स्वच्छ असेल तर २५-३० ग्रॅमच्या छोट्या पुड्या करा. मोठी बरणी दिवसातून चार वेळा उघडली की प्रत्येक वेळी दमट हवा आत जाते.

नीट बंद केलेल्या चान्या बाहेर दोन आठवडे टिकतात, पावसाळ्यात तेवढ्याही बाहेर ठेवू नका. फ्रीजमध्ये एक ते दोन महिने, फ्रीझरमध्ये सहा महिने. फ्रीजमधून काढलेली पुडी लगेच फोडायची नाही: थंड पट्टीवर हवेतलं पाणी धरतं. अर्धा तास बंदच राहू द्या. पुडीवर तारीख लिहा.

पट्टीवर पांढरं दिसलं तर घाबरण्याआधी ओल्या बोटाने पुसा. मीठ असेल तर विरघळतं, पण ते मीठच आहे का याची खात्री चाखून करायची नाही. केसाळ, हिरवट किंवा राखाडी ठिपका असेल तर ती बुरशी. तेवढी पट्टी काढून बाकीच्या ठेवू नका, सगळी बरणी टाका. खवट, जुन्या तेलासारखा वास आला तरी तेच.

किती आणि कोणी

साफ मटणात शंभर ग्रॅमला साधारण २० ग्रॅम प्रथिनं असतात. तेवढीच प्रथिनं एक तृतीयांश वजनात आली, म्हणजे २५ ग्रॅमच्या पुडीत १४-१५ ग्रॅम. ऑफिसातून निघताना, गाडीत बसायच्या आधी हे फरसाणाच्या मूठभरापेक्षा कितीतरी चांगलं, पोट घरी पोहोचेपर्यंत शांत राहतं. पण त्याच पुडीत मीठही सव्वा ग्रॅमच्या पुढे जातं. दिवसभराची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने ५ ग्रॅमच्या आत सांगितली आहे. म्हणून दिवसाला एक पुडी, रोज नाही, आणि बरोबर मूठभर चणे किंवा काकडी. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये. लहान मुलांना चिवट पट्टी घशात अडकू शकते, त्यांना कुटूनच द्या.

आणि पर्यावरणाच्या नावाखाली हे भरपूर खाण्याचीही गोष्ट नाही. २५ ग्रॅम चान्या म्हणजे ७५ ग्रॅम मटण, फक्त ते डोळ्याला दिसत नाही. फायदा वेगळा आहे: कायद्यातलं, जवळच्या खाटकाकडचं मांस, हाडाचं सूप, वाफेचं पाणी डाळीत, आणि प्लॅस्टिकच्या चकचकीत पाकिटाऐवजी परत वापरायची बरणी. घरच्या चान्या विकायच्या मनात आल्या तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, म्हणजे एफएसएसएआयची, नोंदणी किंवा परवाना आधी हवा.

नुसत्या नको असतील तर

तव्यावर थेंबभरही तेल न घालता मंद आचेवर एक-दोन मिनिटं उलटसुलट करा. कडा फुगतात, धण्यांचा वास सुटतो. ५० ग्रॅम अशा गरम चान्या, ६ पाकळ्या लसूण, २ भाजलेल्या लाल मिरच्या खलबत्त्यात घ्या. मीठ घालू नका. आधी फक्त चान्या कुटा, त्यांचे धागे सुटे होऊ द्या, मग लसूण-मिरची घालून आणखी दहा-बारा ठोके. मिक्सरमध्ये पूड होते आणि चव बसते, म्हणून हातानेच. ज्वारीच्या गरम भाकरीवर थोडं तेल सोडून ही चटणी, शेजारी फोडलेला कांदा.

कालवणात टाकायच्या असतील तर अर्धा तास कोमट पाण्यात भिजवा, ते पाणीही घ्या, आणि तुरीच्या डाळीबरोबर कुकरला चार शिट्ट्या. डाळीला मीठ शेवटी, चाखून.